कौल आणि गड : ख्रिस्ती श्रद्धेतील भयमुक्तीचा विचार

संकट नाहीसे होणे आणि भीती नाहीशी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे बहुतेक सर्व धर्मपरंपरांनी ओळखले आहे. परंतु संकट जागच्या जागी उभे असताना भीतीने मात्र कशाच्या बळावर ओसरावे, या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना 'अभय' या गुणापासून सुरू होते आणि दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या वर्णनात भय हे आसक्ती व क्रोध यांच्या पंक्तीला बसवलेले दिसते. म्हणजे जे धरून ठेवले आहे ते सुटेल या शंकेतून भय उपजते, म्हणून धरणेच सैल करावे, असा तिथला रोख आहे. ख्रिस्ती विचाराचा रोख निराळा आहे. त्यात भयमुक्ती ही साधकाने स्वतःच्या मनावर मिळवलेली सत्ता नसून, दुसऱ्या कोणीतरी दिलेल्या शब्दावर विसंबल्याने येणारी स्थिती आहे, आणि हा फरक लक्षात न घेतल्यामुळे 'ख्रिस्ताकडून मिळणारी शांती' या शब्दप्रयोगाचा अर्थ पुष्कळदा केवळ मनाची स्वस्थता एवढाच केला जातो.

हा फरक समजून घेण्यासाठी लागणारी रूपके मराठी मुलखात, त्यातही देश आणि कोकण यांच्या सीमेवर, आयती उपलब्ध आहेत. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेले गगनबावडा हे घाटमाथ्यावरचे गाव करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या तोंडाशी वसलेले आहे. पावसाळ्यात तिथे दिवसचे दिवस धुके हटत नाही आणि दरड कोसळून घाट बंद होणे ही दरवर्षीची धास्ती असते. गावाच्या माथ्यावर गगनगड आहे. अलीकडच्या काळात हा गड गगनगिरी महाराजांच्या तपश्चर्येमुळे आणि तिथल्या मठामुळे ओळखला जातो. एकांतात, उंचावर, देह आणि श्वास यांना वळण लावून मिळवलेल्या शांतीचा तो आदर्श आहे. त्याआधी मात्र हा प्रदेश पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीचा होता, आणि त्या घराण्याचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर असलेल्या 'आज्ञापत्र' या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या राजनीतिग्रंथात दुर्गांना राज्याचे सार मानले आहे. शत्रूचा लोंढा आला की उघडा मुलूख बुडतो, पण गड हातात असेल तर बुडालेला मुलूखही परत उभा करता येतो, असा त्या प्रकरणाचा आशय सांगता येईल.

जुन्या करारातील स्तोत्रसंहिता, म्हणजे यहुदी लोकांच्या प्रार्थनागीतांचा संग्रह, वाचताना हीच दृष्टी वारंवार भेटते. तिच्या मराठी भाषांतरांत देवाला खडक, दुर्ग, गड, आश्रय अशी संबोधने येतात. ज्या लोकांनी ती गीते रचली त्यांचाही देश डोंगराळ होता आणि त्यांच्याही मुलखावरून मोठ्या राज्यांच्या फौजा ये-जा करीत असत, त्यामुळे मराठी वाचकाला ही प्रतिमा परकी वाटण्याचे कारण नाही. सेहेचाळिसाव्या स्तोत्रात तर डोंगर समुद्रात ढासळले तरी भिणार नाही, असा भाव आहे. दरडींच्या प्रदेशात तो केवळ काव्यालंकार म्हणून वाचता येत नाही. जर्मनीतील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने याच स्तोत्राच्या आधारे देवाला बळकट गड म्हणणारे आपले प्रसिद्ध गीत रचले. त्याच्या धार्मिक जीवनाची सुरुवातच भयाने झाली होती: १५०५ मध्ये वादळात जवळच वीज कोसळली तेव्हा घाबरून त्याने संन्यासी होण्याचा नवस बोलला, आणि मठात गेल्यावर त्याची विजेची भीती जाऊन देवाचीच भीती त्याला छळू लागली. जो गड वाटायला हवा तोच शत्रू वाटू लागणे, हा धार्मिक माणसाच्या भयाचा सर्वांत बिकट प्रकार होय.

गडाच्या रूपकाला प्रेषित पौलाने एक सूक्ष्म वळण दिले आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेले त्याचे पत्र तुरुंगातून लिहिलेले आहे, आणि त्यात देवाची शांती विश्वासणाऱ्यांची अंतःकरणे राखील असे सांगताना त्याने जे ग्रीक क्रियापद वापरले ते मुळात लष्करी असून, शिबंदीने नाक्यावर पहारा करणे असा त्याचा अर्थ आहे. फिलिप्पै ही रोमन सैनिकांची वसाहत असल्याने तिथल्या वाचकांना तो शब्द तत्काळ कळला असणार. या मांडणीत शांती म्हणजे वेढा उठणे नव्हे. वेढा चालूच आहे, पत्र लिहिणाऱ्याच्या पायात बेडी आहे, आणि शांती ही आतल्या तटावर फिरणारी गस्त आहे.

तरीही गडाचे रूपक एका मर्यादेपलीकडे नेले की फसवते. गड माणसाला राखतो तसा कोंडूनही ठेवतो, आणि जो कायम गडावरच राहतो त्याची शेती पडीक पडते. म्हणून या विचाराला दुसऱ्या एका मराठी शब्दाची जोड द्यावी लागते: तो शब्द म्हणजे कौल. मराठ्यांच्या काळात स्वाऱ्यांच्या भीतीने गावे ओस पडत, रयत रानात किंवा डोंगरात परागंदा होई, आणि मग तिला परत आणण्यासाठी सरकारातून कौलनामा अथवा अभयपत्र दिले जाई; गावावर येऊन वस्ती करावी, जमीन लागवडीस आणावी, कोणी उपद्रव करणार नाही, अशा आशयाचा तो लेखी शब्द असे. कौल हातात पडला म्हणून शत्रूची फौज अदृश्य होत नसे. रयत परतत असे ती कौल देणाऱ्याच्या नावावर भरवसा ठेवून, आणि तो भरवसा खरा की खोटा हे तिच्या तोंडच्या शब्दांवरून नव्हे, तर नांगर जुंपला गेला की नाही यावरून कळत असे. कोकणात आणि घाटमाथ्यावर कौलाचा आणखी एक अर्थ रूढ आहे: देवाला पाकळ्या किंवा तांदूळ लावून उजवा-डावा कौल घेणे. त्या कौलात पुढे काय होणार हे विचारले जाते. ख्रिस्ती श्रद्धेतील कौल हा पहिल्या जातीचा आहे. पुढे काय होणार याविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही, सोबत कोण असणार एवढेच सांगतो.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना आपली शांती देतो तो प्रसंग त्याच्या अटकेच्या आदल्या घटकेचा आहे, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची ठरते. देणारा स्वतः काही तासांत पकडला जाणार आहे आणि घेणारे पळून जाणार आहेत. अशा वेळी दिलेला शब्द सुरक्षिततेची हमी असू शकत नाही. ज्या हिब्रू कल्पनेतून हा शब्द आला त्या 'शालोम' या शब्दाच्या मुळाशी 'पूर्ण असणे, अखंड असणे' हा अर्थ आहे. तुटलेले नाते सांधले जाणे, देणे चुकते होणे, घरात आणि गावात सर्व यथास्थित असणे, असा त्याचा विस्तार आहे. मराठीत 'शांती' म्हटले की निवलेले पाणी डोळ्यांपुढे येते, आणि शालोम म्हटले की ज्याच्याशी अबोला होता त्याच्याशी पुन्हा बोलणे सुरू झाल्याचे चित्र यायला हवे. भाषांतरकारांचा यात दोष नाही; दुसरा शब्द सापडणेच कठीण होते.

गेथशेमाने बागेतील प्रसंगाकडेही येथे पाहावे लागते, कारण निर्भयतेच्या सोप्या कल्पनांना तो सर्वांत मोठा अडसर आहे. मार्काच्या शुभवर्तमानात येशू मृत्यूच्या आदल्या रात्री अत्यंत व्याकूळ झाल्याचे लिहिले आहे आणि इब्री लोकांस पत्रात त्याच्या आक्रोशाचा व अश्रूंचा उल्लेख आहे. स्थितप्रज्ञाच्या कसोटीला हे वर्णन उतरत नाही, आणि ते उतरावे असा शुभवर्तमानकारांचा प्रयत्नही दिसत नाही. सरोवरावरील वादळात नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपलेला आणि या बागेत घामाघूम झालेला एकच आहे. भीती वाटणे हे अविश्वासाचे लक्षण नाही, भीती वाटली तरी कोणाला हाक मारायची हे ठाऊक असणे हा विश्वास आहे, एवढा निष्कर्ष या दोन चित्रांतून काढता येतो. पवित्र शास्त्रात 'भिऊ नको' हे शब्द वर्षाच्या दिवसांइतके, ३६५ वेळा आले आहेत असे प्रवचनांतून हौसेने सांगितले जाते. ही गणती जुळत नाही, आणि ती जुळली नाही म्हणून काही बिघडतही नाही. त्याच शास्त्रात 'परमेश्वराचे भय' हा ज्ञानाचा आरंभ म्हटला आहे, यामुळे मात्र मराठी वाचक गोंधळतो. तिथे भय म्हणजे वडिलधाऱ्यांविषयी वाटणारा धाक आणि आदर यांचे मिश्रण होय, तर योहानाच्या पहिल्या पत्रात प्रीती ज्या भीतीला बाहेर घालवते ती शिक्षेची भीती होय.

महाराष्ट्रात हा विचार ज्यांच्या आयुष्यात उतरला त्यांची चरित्रे एका साच्यातली नाहीत. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी त्या निर्णयाआधीचा दीर्घ संभ्रम नोंदवला. नीलकंठशास्त्री गोरे हे १८४८ मध्ये जौनपूर येथे ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे या नावाने विद्वान धर्मशास्त्री म्हणून प्रसिद्धीस आले, पण शंकांनी त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. श्रद्धा आली म्हणजे शांती आपोआप येते, हे समीकरण गोऱ्यांच्या उदाहरणापुढे टिकत नाही. आणि तरीही त्यांची श्रद्धा लटकी होती असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

भय आणि श्रद्धा यांच्या नात्याचा सर्वांत बोलका पुरावा लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे, आणि तो धर्मशास्त्राच्या नव्हे तर स्वयंपाकघराच्या भाषेत असल्यामुळे अधिक विश्वसनीय वाटतो. त्यांच्या माहेरी १८५७ नंतरच्या धरपकडीत एका निकटच्या आप्ताला फाशी झाली, आणि त्या आघातानंतर वडिलांच्या मनात विटाळाच्या भीतीने असे घर केले की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेतली जात नसे. मृत्यूच्या दर्शनाने उपजलेले भय शुद्धाशुद्धतेच्या नियमांत आश्रय शोधते, आणि तो आश्रय जितका उंच बांधावा तितके आतले माणूस अधिक भयभीत होते, याचे यापेक्षा नेमके चित्र मराठीत क्वचितच सापडेल. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात. ज्या भीतीवर हसता येते तिची सत्ता संपलेली असते.

त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांना राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून लक्ष्मीबाईंच्या वाट्याला नवरा जिवंत असून वियोग, नातलगांची कीव आणि मुलाची काळजी आली. पुढे त्या पतीकडे परतल्या तरी पहिल्याने त्यांनी आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशीच केलेला निवाडा आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी पिण्याची झालेली तयारी हे त्यांच्या परिवर्तनाचे खरे केंद्र आहे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. हा क्रम लक्षणीय आहे. विटाळाचे भय आधी गेले, तत्त्वाचा स्वीकार नंतर आला. जणू कौलाची भाषा पूर्ण कळण्याआधीच नांगर जुंपला गेला होता. जात हा त्या काळच्या माणसाचा खराखुरा गड होता, त्यात अन्न, सोयरीक आणि खांदेकरी यांची सोय होती, आणि वाळीत पडणे म्हणजे दरवाजाबाहेर लोटले जाणे. हे लक्षात घेतले तर एक घोट पाणी पिण्यात किती मोठा तट ओलांडला गेला याची कल्पना येते.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळण्यासारखा नाही: एका गडातून बाहेर पडलेल्या माणसाला मिशनने दुसरा गड दिला, आणि त्या गडाच्या सुरक्षिततेलाच शांती हे नाव मिळाले, असे तर झाले नाही ना? कोल्हापुरात रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आले. शहरातील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्यामागून पन्हाळा, कोडोली, मिरज, सांगली, वेंगुर्ले अशी केंद्रे उभी राहिली, शाळा आणि दवाखाने निघाले, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना निवारा, शिक्षण व नोकरी बहुतांशी मिशनच्या आवारातच मिळाली. वाळीत टाकलेल्या माणसाला हा आधार देणे आवश्यकच होते; परंतु पगार देणारा आणि पापक्षमेचा निरोप देणारा एकच असला की विश्वासात मिंधेपण शिरते, हेही खरे. टिळकांना हे जाणवले होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनाची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' या नावाने ख्रिस्तभक्तांचा एक मेळा उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे मानणाऱ्या कवीला भिंत नसलेला दरबार सुचावा, यात नवल नाही. उतारवयात निश्चित पगार सोडणे हे कोणत्याही प्रवचनापेक्षा भयमुक्तीचे अधिक स्पष्ट भाष्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ख्रिस्ती प्रचारकांनी भय घालवण्याइतकेच भय घालण्याचेही काम केले आहे. नरकाग्नीची वर्णने करून माणसाला घाबरवायचे आणि मग त्याच भीतीवर उपाय म्हणून शुभवर्तमान पुढे करायचे, ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील पत्रकांत सर्रास आढळते. योहानाच्या पत्राच्या कसोटीने पाहिले तर ही पद्धत स्वतःच्याच शास्त्राविरुद्ध जाते, कारण शिक्षेच्या धाकाने जोडलेले नाते हे प्रीतीचे नाते नव्हे. या पद्धतीचा आजचा अवतार म्हणजे चिंताविकार किंवा नैराश्य यांनी ग्रासलेल्या व्यक्तीला 'तुमचा विश्वास कमी पडतो' असे ऐकवणे. ज्या परंपरेने गेथशेमानेतील घाम पुसून टाकला नाही, तिच्या नावाने असे बोलणे अज्ञानाचे आहे. याच भागातील ख्रिस्ती परंपरेने उलट उदाहरण घालून दिले आहे: डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयात कोल्हापूर, कोकण आणि कर्नाटकातून रुग्ण येत. मिशन रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णासाठी प्रार्थना करण्याची प्रथा होती. ती प्रार्थना भुलीच्या औषधाऐवजी नसे, त्याच्याबरोबर असे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या सर्व धाग्यांना एकत्र आणते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने दगावले. तीर्थयात्रा, दाने, व्रते यांपैकी काहीही उपयोगी पडले नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो त्यांना आणखी आठेक वर्षांनी गवसला. धर्म हा सिद्धांतांचा संच म्हणून पटणे आणि देणाऱ्याच्या शब्दावर अंग टाकणे यांतील हे अंतर एका महापंडितेने नोंदवले आहे, म्हणून त्याला वजन आहे. यानंतरच्या काळात, १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत, त्यांनी मध्य प्रांत व गुजरातेत जाऊन शेकडो मुली केडगावच्या आपल्या मुक्तिसदन या आश्रमात आणल्या. म्हणजे ज्या भयाने बालपण उद्ध्वस्त केले होते त्याच भयाच्या मुलखात त्या आपणहून परत गेल्या.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र सामान्य मराठी बायकांना कळेल अशा साध्या भाषेत उतरवण्याचे काम हाती घेतले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा मिरजेत निवर्तली. रमाबाईंच्या कामात त्याने खंड पडला नाही. काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या स्वतः गेल्या, आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते केडगावच्याच छापखान्यात छापले गेले. तिथे खिळे जुळवण्याचे काम मुक्तिसदनातील स्त्रिया करीत असत, आणि त्यांपैकी कित्येकजणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. डोंगर समुद्रात ढासळले तरी न भिण्याचे ते स्तोत्र त्यांच्याच हातांनी एकेक अक्षर उलटे लावून जुळवले गेले.